मदत हवी आहे: डेअरीचं सॉफ्टवेअर केलंय, ते माझं काम म्हणून दाखवू कसं?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात कॉम्प्युटर सायन्सला आहे, व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) सहावं सेम चालू आहे. रोज एसटीने येऊन-जाऊन करते. पुढच्या सेमला प्लेसमेंट सुरू होतील. आमच्या घरातलं आयटीत गेलेलं कुणीच नाही, म्हणून इथे विचारते. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

रेझ्युमे, लिंक्डइन, गिटहब (आपला कोड ठेवायची वेबसाइट) तयार ठेवा म्हणून कॉलेजात सांगितलंय. गेल्या महिन्यात बसले करायला. पहिली ओळ लिहिली, 'मेहनती आणि शिकण्यास उत्सुक'. मग मैत्रिणींचे रेझ्युमे बघितले तर सगळ्यांची तीच ओळ! गिटहबचं नाव म्हणजे माझा यूएसएन (विद्यापीठाचा विद्यार्थी नंबर; बेळगाव विभागाचे 2 ने सुरू होतात, तोच जसाच्या तसा), ईमेल कॉलेजचा, आणि आत 20 च्या वर रेपो (एकेका प्रोजेक्टचं फोल्डर). त्यातले बहुतेक व्हिडिओ बघून केलेले, नाहीतर दुसऱ्यांचे फोर्क, म्हणजे नुसत्या कॉप्या. ही मुलगी कोण आणि हिला नेमकं काय येतं, हे ते बघून मलाच सांगता येईना.

मनापासून केलेलं काम एकच आहे. गावात काकांची दूध डेअरी आहे, नव्वदेक घरं दूध घालतात. दर दहा दिवसांचं बिल काका वहीत करायचे, आदल्या रात्री दोन-दोन वाजायचे. मी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहून दिला. लिटर, फॅट आणि लॅक्टोमीटरचं रीडिंग टाकलं की एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) निघतो, दर लागतो, पावती छापून येते. पहिल्याच बिलाला एक आजी पावती घेऊन आल्या. "बाळ, वहीत न् ह्यात फरक येतोय की." फरक काही पैशांचाच होता, पण आजींचंच बरोबर होतं. कॉम्प्युटरात 0.1 आणि 0.2 ची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण तो फरक कुणाच्या तरी दुधाच्या पैशात पडतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. वर मी प्रत्येक वेळच्या दुधाची रक्कम वेगळी राउंड करत होते. आता सगळा हिशेब पूर्णांकांत ठेवते आणि पैशांत राउंड एकदाच करते, बिलाच्या शेवटी.

दुसरी अडचण भाषेची आली. काही घरांना पावती मराठीत हवी, काहींना कन्नडमध्ये. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरात अक्षरांना नंबर द्यायची पद्धत) देवनागरी आणि कन्नडचे अक्षरसंच वेगळे आहेत. त्यामुळे तेच नाव दोन लिप्यांत टाकलं गेलं आणि एका माणसाची दोन खाती झाली. मग नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवलं आणि सगळं सभासद नंबरवर बांधलं.

वर्गातले म्हणतात, हे घरचं काम रेझ्युमेत घालू नको, मशीन लर्निंगचं काहीतरी टाक. मला ते पटत नाही. पण त्यांना काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, तीच सांगायला जड जातंय. गिटहबवर टाकताना कोडबरोबर डेटाची फाइलही गेली. त्यात सभासदांची नावं, मोबाइल आणि बँक खात्यांचे नंबर होते. 11 दिवस ते सगळ्यांना दिसत होतं. एका सीनियरताईंच्या लक्षात आलं, तेव्हा रेपो प्रायव्हेट केला. तेव्हापासून स्वतःच्या नावापुढे 'डेव्हलपर' लिहायला हात धजत नाही.

तर हे काम रेझ्युमेत मांडू का, आणि कसं? माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालंय. मुलाखतीत इंग्रजीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की मी अडते. आणि दहावीच्या मार्क्सकार्डावर माझ्या नावापुढे नुसती इनिशियल आहे, आधारवर पूर्ण नाव आणि आडनाव. कंपनीत कुठलं लिहायचं?

निपाणीकर:
ताई, मी पुण्यात नोकरीला आहे, नवीन मुलांच्या मुलाखती घेतो. डेअरीचंच काम सगळ्यात वर टाका. मशीन लर्निंगचा तोच प्रोजेक्ट दिवसात चार वेळा बघतो आम्ही, आणि दुसऱ्या प्रश्नाला समोरचा गप्प होतो. पैशांचा फरक आणि दोन लिप्यांची खाती, हे दोन किस्से तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. 'स्वतःबद्दल सांगा'ला तिथूनच सुरुवात करा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. पाठ केलेलं लगेच कळतं.

आता डेटाचं. फाइल नुसती डिलीट करून भागत नाही, गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) इतिहासात ती राहते. जुना रेपो पुन्हा पब्लिक करूच नका. खोट्या नावांचा डेटा घालून नवा रेपो काढा, आणि काय गणित, का, हे रीडमीमध्ये (रेपोची माहिती देणारी फाइल) लिहा. कॉलेजचा ईमेल पास झाल्यावर बंद होऊ शकतो, म्हणून स्वतःचा घ्या. तोच गिटच्या सेटिंगमध्ये आणि गिटहबच्या खात्यावरही जोडा, नाहीतर कमिट (तुम्ही नोंदवलेले बदल) तुमच्या नावावर दिसत नाहीत. यूएसएनचं नावही बदला. जुने फोर्क काढून टाका, तीन रेपो राहिले तरी पुरे.

नावाचं म्हणाल तर अर्जात मार्क्सकार्डाप्रमाणे लिहा, सगळीकडे स्पेलिंग एकच ठेवा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं ॲफिडेव्हिट करून ठेवा आणि एचआरला आधीच सांगा. व्हेरिफिकेशनमध्ये त्यांना नंतर सापडलं तर उगाच ताप.

शहापूरची:
मी शिकवते, म्हणून एकच विचारते. काकांना आणि सभासदांना हे सांगितलंस का गं? खाती त्यांची आहेत. आपल्याकडे 2023 साली व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा झालाय, पण कायदा बाजूला ठेवला तरी त्यांना कळायला हवं. कुणी ओटीपी मागायला फोन केला, तर निदान सावध तरी राहतील.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. रेपोचं काम काल रात्री सुरू केलंय, ईमेलही बदलला. मॅडम, सांगितलं नव्हतं. आज कॉलेजातून आल्यावर काकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तूच सांग सगळ्यांना, मी शेजारी उभा राहतो." उद्या संध्याकाळच्या दुधाला जाते. कन्नड बोलणाऱ्या घरांना कसं सांगायचं ते मैत्रिणीकडून लिहून घेतलंय.