पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी: पहिल्या भेटीत काय होतं
ताई, बाळंतपणानंतर शिंकलं तरी लघवी होते, पण फिजिओकडे जायला लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. जरूर जा. पेल्विक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, लघवी रोखून धरणारे स्नायू. पहिल्या भेटीत बराच वेळ बोलण्यातच जातो: टाके पडले होते का, पाणी किती पिता, बद्धकोष्ठता आहे का, संबंधांच्या वेळी दुखतं का. मग तुमची परवानगी घेऊन, ग्लोव्ह घातलेलं बोट योनीत घालून हे स्नायू किती आवळता येतात आणि नंतर पूर्ण सैल सुटतात का, ते तपासतात. नको वाटलं तर स्पष्ट नाही म्हणा, बाहेरूनही बरंच कळतं.

'घरीच केगल (हे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम) करा' असा सल्ला काही जणी देतात, तो मला पटत नाही. स्नायू आधीच आखडलेले असतील तर त्याने दुखणं वाढू शकतं. अशा वेळी फिजिओ आधी श्वासाबरोबर स्नायू सैल सोडायला शिकवते. शिवाय बऱ्याच जणी आवळताना श्वास रोखतात, मांड्या घट्ट करतात. फिजिओ पोटावर हात ठेवून ते तिथल्या तिथे दाखवते. शिंक यायच्या क्षणी आधीच आवळून धरायचं, हेही मी तिथेच शिकले, आणि त्याचा फार उपयोग झाला.

फिजिओने शिकवलेला आवळायचा व्यायाम साधारण दिवसातून 3 वेळा, दर वेळी निदान 8 दा आवळून, असा किमान 3 महिने करावा लागतो. लघवी मध्येच थांबवून मात्र तो करू नका.