मदत हवी आहे: आईच्या पायाची नखं जाड-पिवळी झालीत, एका अंगठ्याचं नख रुततंय. भातलावणीआधी काय करता येईल?

पाणंद:

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतेय. वय ६४, गाव आचऱ्याजवळ. मधुमेह जुना आहे, गोळ्या नियमित चालू आहेत, सोबत कोलेस्टेरॉलची एक गोळी. साखर एरवी आटोक्यात असते, आंब्याच्या दिवसांत वर जाते.

दोन्ही अंगठ्यांची नखं हळूहळू जाड होत गेली आहेत. रंग पिवळट, कडेला पांढुरका. खाली खरवडलं तर भुसा निघतो. आता उजव्या करंगळीचं नखही तसंच दिसायला लागलंय. बेचक्यांत दर पावसाळ्यात चिखल्या होतात, दिवाळीच्या सुमारास सुकतात, पुढच्या आषाढात पुन्हा हजर.

शिवाय डाव्या अंगठ्याचं नख आतल्या बाजूने मांसात रुततंय. कड लाल आहे, रात्री चादर घासली तरी ती पाय आखडून घेते. पू अजून दिसलेला नाही. नखं ती स्वतःच कापते, खळ्यात बसून, दाढीच्या ब्लेडने. नेलकटरच्या तोंडात ते नख शिरतच नाही. कोपरा टोचला की तो खोलवर कोरून काढते, थोडे दिवस आराम पडतो, मग परत तेच. मला ते बघवत नाही. मधुमेहात पायाची साधी जखम कुठवर जाते ते आमच्या वाडीत पाहिलंय.

मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. बेचक्यातली खाज दोन दिवसांत थांबते, ट्यूब बंद केली की दुपटीने येते. शेजारच्या काकी म्हणतात बिब्बा लाव, मावशी म्हणते मेंदी.

मृग तोंडावर आलाय. जुलैत लावणी, आणि आई शेतात उतरणार हे नक्की. तिला घरी बसवायचा विचार मी सोडून दिलाय. मला विचारायचंय ते असं: नखांसाठी गोळ्या घ्याव्याच लागतात का, आणि मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर त्या चालतात का? इतकं जाड नख कापायचं कसं? आणि दिवसभर चिखलात राहणाऱ्या माणसाने पाय जपायचे कसे? “पाय कोरडे ठेवा” हे सगळीकडे लिहिलेलं असतं. लावणीत ते कसं जमवायचं, हे कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.

चिरेबंदी:

ताई, आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलं काही लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. भावाला जांघेत नायटा झाला होता, त्याने असलीच मिश्र ट्यूब महिनोन्‌महिने चोळली. खाज जायची आणि नायटा पसरत राहायचा. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी ती बंद करून सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

समईवात:

पाणंदताई, मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, रत्नागिरी जिल्ह्यात असते. न तपासता औषध लिहून देणार नाही, पण डॉक्टरांकडे जाताना काय माहीत असावं ते सांगते.

जाड पिवळं नख, खाली भुसा आणि सोबत बेचक्यात चिखल्या, यावरून बुरशीची शक्यता जास्त वाटते. तरी शक्यताच म्हणतेय. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची निघतात. बाकीची सोरायसिसची असतात, वयाने जाड झालेली असतात, वर्षानुवर्षं ठेच नाहीतर चपलेचा दाब सोसलेली असतात. नुसतं बघून आम्हीही फसतो. गोळ्यांचा कोर्स तीन महिन्यांचा, त्यामुळे तपासणीशिवाय तो सुरू करणं मला पटत नाही. तपासणी अगदी साधी आहे. नखाचा तुकडा आणि खालचा भुसा काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे शोधतात. बहुधा त्याच दिवशी कळतं. कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिली, तर तीन-चार आठवडे जातात. भुसा नखाच्या टोकाचा देऊ नका. चांगलं नख संपून बिघडलेलं सुरू होतं तिथला, जमेल तितका आतला हवा. आणि नमुना देण्याआधी दोन आठवडे तरी बुरशीचं कुठलंही मलम लावू नका, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट कोरा येतो.

बुरशी निघाली आणि अंगठ्याचं बरंच नख व्यापलेलं असेल, तर नुसत्या मलमाने भागत नाही. मलम त्या जाड थरातून खाली पोचतच नाही. सहसा टर्बिनाफिन देतात, पायाच्या नखांसाठी २५० मिलिग्रॅम रोज, १२ आठवडे. मधुमेहाच्या बहुतेक गोळ्यांबरोबर ते चालतं. आधी यकृताची रक्ततपासणी करून घ्यायची. गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली तर थांबून लगेच डॉक्टरांना दाखवायचं. काहींची तोंडाची चव जाते, तेही कळवायचं. दुसरं औषध इट्राकोनॅझोल. त्याचं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी अजिबात जमत नाही आणि हृदय कमजोर असलेल्यांना ते टाळतात. म्हणून आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगण्यावर राहू नका.

अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. ते पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने लागतात. औषधाने जुनं नख सुधारत नाही, मुळातून नवं नख चांगलं यायला लागतं आणि खराब भाग पुढे सरकत कापला जातो. म्हणजे या लावणीपर्यंत नख बरं दिसणार नाही. आईला हे आधीच सांगा, नाहीतर महिनाभराने “गुण नाही” म्हणून गोळ्या कोपऱ्यात पडतील. लावणीआधी होण्यासारखं आहे ते म्हणजे निदान, रुतलेल्या कोपऱ्याचा बंदोबस्त आणि बेचक्यांचा उपचार.

कोपरा कोरणं आजपासून बंद. कोपरा खोल कापला की आत नखाची एक अणकुची राहते, आपल्याला दिसत नाही. वरून मांस त्यावर येतं आणि नख वाढताना ती अणकुची थेट मांसात घुसते. नख सरळ आडवं कापायचं, कोपरे बोटाच्या टोकाशी मोकळे दिसले पाहिजेत. पण आईच्या बाबतीत लाल झालेली कड घरी हाताळूच नका, डॉक्टरांनाच काढू द्या. ब्लेड, नऱ्हाणी, सुई काहीही नको. पाय गरम पाण्यात बुडवून ठेवायचा उपायही मधुमेह्यांना मी सांगत नाही. संवेदना कमी झालेली असेल तर पाणी किती कढत आहे ते पायाला कळत नाही आणि भाजतं.

बिब्बा नकोच. त्याच्या तेलाने निरोगी कातडीलाही फोड येतात, मधुमेह्याच्या पायावर तो व्रण भरायला महिने जातात. काजूच्या टरफलाचं तेल भेगांना लावतात, त्यालाही हेच लागू. मेंदीने खरी अडचण अशी होते की नख रंगतं आणि आम्हाला खालचा रंग दिसत नाही. तो रंग दिसणं महत्त्वाचं असतं. नखात काळा-तपकिरी उभा पट्टा असेल, तो रुंद होत असेल किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर कर्करोग नाही ना हे तपासावं लागतं. आईंना तसं काही दिसत नाही, पण धागा वाचणाऱ्या कुणाच्या पायावर असेल तर दाखवून घ्या.

पू आला, लाली पावलावर चढू लागली, बोट काळंनिळं पडलं किंवा ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भातखाचर:

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी शेताचं सांगतो. आमची लावणी देवगड बाजूला, सगळं हातानेच.

गमबूट चिखलणीत चालत नाहीत. पाय रुततो, बूट चिखलात राहतो. वरून पाणी आत शिरलं की दिवसभर पाय त्याच पाण्यात भिजतो, म्हणजे चिखल्यांना आयतं आमंत्रण. बांधावरून ये-जा, गोठा, शेण यांसाठी मात्र गमबूट उत्तम. खाचरात घट्ट बसणारे, पट्टा असलेले रबरी बूट निदान काटा, काच, खेकड्याचं बीळ यांपासून वाचवतात. माझी आई आधी म्हणायची, “चप्पल घालून काय कोण शेतात उतरता?” आता स्वतःच मागून घेते.

पाय दिवसभर कोरडा राहणार नाही, तेव्हा रात्रभर तरी कोरडा ठेवायचा, एवढंच आमच्या हातात. घरी आल्याबरोबर मागीलदारी साबणाने पाय धुवायचे, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने एकेक बेचकं पुसायचं. नुसता पाय पुसला की झालं असं वाटतं, पण करंगळीच्या बेचक्यात चिखल तसाच असतो. बोट फाकवून पाहावं लागतं. मग चुलीपुढे जेवढा वेळ बसणं होतं तेवढा वेळ पाय उघडे, निखाऱ्यापासून लांब. पुसायचा तुकडा प्रत्येकाचा वेगळा. कोकमतेल टाचेच्या भेगांना आम्ही लावतोच, बेचक्यात नाही.

आईंना लावणीतून काढू नका, काम बदलून द्या. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी बांधणं बांधावर बसून होतं. दुपारी पेजेला बसतात तेव्हा पाय धुऊन पुसायचे, म्हणजे सलग भिजणं निम्म्यावर येतं.

अजून एक, नखाशी थेट संबंध नसला तरी पायाच्या जखमेशी आहे. आपल्या सिंधुदुर्गात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ पावसात डोकं वर काढते. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, कातडीच्या चिरेतून जंतू शिरतो. आईंच्या बेचक्या फुटलेल्या आहेत, तेव्हा लावणीआधी आरोग्य केंद्रात डॉक्सीसायक्लिन या प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा. ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर “शेतात होते” हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काजूबी:

रुतलेल्या नखाचं माझं ऑपरेशन झालंय, भीती वाटत असेल तर सांगते. बोटाच्या मुळाशी बधिर करायचं इंजेक्शन देतात, दुखतं ते तेवढंच. रुतणाऱ्या बाजूची नखाची चिंचोळी पट्टी काढतात आणि तिच्या मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे ती पट्टी पुन्हा उगवत नाही. बाकीचं नख तसंच राहतं. काही आठवडे ड्रेसिंग. हे फिनॉल डॉक्टर मोजून वापरतात, फरशीच्या फिनाइलचा त्याच्याशी काही संबंध नाही. एका बाईंनी मला तसं विचारलं होतं म्हणून मुद्दाम लिहितेय. मधुमेह असेल तर आधी पायाचा रक्तपुरवठा बघतात.

पाणंद:

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्यूबमध्ये क्लोबेटासोल होतं, चिरेबंदी, तुमचं बरोबर निघालं. ती बंद करून थोडं थांबलो आणि मग ओरोसला दाखवलं.

बुरशीच निघाली. यकृताची तपासणी चांगली आली, टर्बिनाफिन सुरू झालंय, बेचक्यांना साधं बुरशीचं मलम. डॉक्टरांनी आईला डोळे मिटायला लावून नायलॉनच्या जाड दोऱ्याने तळवा ठिकठिकाणी टोचला. डाव्या अंगठ्याखाली तिला काहीच कळलं नाही. दोरा वाकलेला मला दिसत होता आणि ती विचारत होती, “कधी लावतलात?” तेव्हापासून ती ब्लेड स्वतःहून माझ्याकडे देऊन बसली आहे. रुतलेल्या कोपऱ्यातून तांदळाच्या कणीएवढा नखाचा तुकडा निघाला, ऑपरेशन आत्ता नको म्हणाले. मुठी बांधायचं काम तिने कबूल केलंय.

समईवात मॅडम, नखावर लावायचं लॅकरही लिहून दिलंय, आमोरॉल्फिन. गोळीबरोबर त्याची खरंच गरज आहे? आणि तिच्या जुन्या चपलांचं काय करू?

समईवात:

जाड नखाला दोन्ही मिळून जास्त गुण येतो, तेव्हा लावा. ५ टक्क्यांचं असतं, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, चिठ्ठीत असेल तसं. लावण्याआधी नखाचा वरचा थर कानसने हलका घासायचा, सोबत येणाऱ्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, मग लावायचं. ती कानस चांगल्या नखांना लावू नका आणि घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका. घासणं तुम्ही करा, आईंच्या हाती नको, संवेदना कमी आहे.

जुन्या रबरी चपला टाकून द्या, नव्या दोन जोड घ्या म्हणजे एक वाळत राहील. पुढे मोकळ्या, अंगठ्यावर दाब न येणाऱ्या. संवेदना गेलेल्या पायाला अनवाणी चालणं आता घरातही बंद, आणि चपलेत पाय घालण्याआधी हाताने आत खडा आहे का ते चाचपायचं. रोज रात्री तळवा तुम्ही बघा, गावी नसाल तेव्हा आईंना आरसा द्या.

गुण येतोय की नाही ते कळायला चांगलं आणि खराब नख जिथे भेटतात तिथे पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून बारीक खूण करून घ्या आणि महिन्याला एक फोटो काढा. खूण पुढे सरकली आणि तिच्या मागे नख स्वच्छ आलं की औषध लागू पडतंय. तीन महिन्यांनी गोळ्या संपतील तेव्हा नख अर्धंही बदललेलं नसेल, तरी औषध नखात काही महिने टिकून काम करत राहतं. स्वतःच्या मनाने दुसरा कोर्स घेऊ नका.

आणि घरातल्या सगळ्यांच्या बेचक्या आणि जांघा बघून घ्या. एकाच्या नखात बुरशी असेल तर न्हाणीतली ओली फरशी आणि पायपुसणं यांतून ती घरात फिरते. दुसऱ्या कुणाला खाज असेल तर त्याचाही उपचार आत्ताच सुरू करा.