‘पित्त उठणे’, ‘वावडे’ आणि ‘ॲनाफिलॅक्सिस’

प्रश्न : आरोग्यविषयक पत्रकात ‘ॲनाफिलॅक्सिस’साठी, म्हणजे ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यासाठी, ‘तीव्र वावडे’ असा शब्द योजावा का?

उत्तर : योजू नये, असे माझे मत आहे. ‘वावडे’ या शब्दात न मानवण्याबरोबर नावडही आहे. ‘त्याला कष्टाचे वावडे आहे’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्यातली थट्टा श्वास कोंडलेल्या माणसाच्या वर्णनात नको. ‘पित्त उठणे’ तर त्याहून फसवे आहे. कोळंबी खाल्ल्यावर आमच्या आत्याबाईंच्या अंगावर गांधी उठल्या, तेव्हा ‘पित्तच आहे’ म्हणून आम्ही आमसुलाचे पाणी चोळत बसलो. तोवर त्यांचा आवाज घोगरा होऊन ओठ सुजले होते. शिवाय काही रुग्णांच्या त्वचेवर काहीच उठत नाही.

मूळ शब्द १९०२ सालचा. रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचे विष टोचले, तेव्हा दुसऱ्या खेपेला अल्प मात्रेनेही प्राणी दगावले. संरक्षण मिळण्याऐवजी उलटेच घडले, आणि ग्रीक घटकांतून बनवलेल्या या शब्दात तोच उलटेपणा आहे. त्याला मराठी प्रतिशब्द घडवण्यापेक्षा ‘ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी’ असे लिहून पुढे क्रियापदांवर भर द्यावा : घसा आवळतो, छातीत घरघर होते, भोवळ येते, उलट्या थांबत नाहीत.

पुरवणी प्रश्न : मग उपचारांत ‘पित्ताची गोळी द्यावी’ हे चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. औषधाच्या दुकानात या नावाने आम्लपित्ताचीही गोळी मिळते. आणि खाज शमवणारी ॲलर्जीची गोळी मिळाली, तरी ती श्वास मोकळा करत नाही की घसरलेला रक्तदाब सावरत नाही. पहिले औषध ॲड्रेनॅलिनच. ते प्रौढांना साधारणपणे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत टोचतात आणि उतार न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात. त्यासाठी १०८ वर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे लागते, आणि बरे वाटले तरी काही तास तेथेच थांबावे लागते, कारण लक्षणे उलटू शकतात. पत्रकात ‘रुग्णाला झोपवावे’ असे लिहू नये, त्याचा वेगळाच अर्थ होतो. ‘आडवे करून पाय उंच ठेवावेत, दम लागत असल्यास बसवावे, पण उभे करू नये किंवा चालवू नये’ असे लिहावे.