शब्दचर्चा: ‘पेशीचा पडदा’ म्हणावं की ‘पेशीपटल’, आणि त्यातल्या ‘मेदा’चं काय करावं?

(बोलणाऱ्यांची नावं म्हणून त्यांच्या बडोद्यातल्या भागांची नावं दिली आहेत.)

रावपुरा

बडोद्यातल्या अकरावी-बारावीच्या मराठी मुलांसाठी भिंतीवर लावायचा तक्ता तयार होतो आहे. मथळा सध्या असा आहे: ‘पेशीच्या पडद्यातली मेद आणि प्रथिनं यांची मांडणी’. पेशी, पडदा, मेद, पटलाच्या ‘फ्लुइड मोझॅक’ या प्रारूपातला फ्लुइड आणि शेवटी ‘राफ्ट’, या पाच ठिकाणी गाडी अडली आहे. मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी. त्यामुळे पुण्याच्या पाठ्यपुस्तकातले शब्द उचलून चिकटवले की काम झालं, असं इथे होत नाही. सुचवा.

मांडवी

पहिली ठेच ‘पेशी’लाच लागेल. मराठीत सेल म्हणजे पेशी आणि टिश्यू म्हणजे ऊती. गुजरातीत सेल म्हणजे कोष, आणि टिश्यूला म्हणतात पेशी! हिंदीत सेल म्हणजे कोशिका, आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. त्यावर कडी म्हणजे हिंदी शरीरशास्त्रातला ‘स्नायु’ हा आपला अस्थिबंध. एकच शब्द, तीन भाषा, तीन अर्थ.

म्हणजे गुजराती माध्यमातला मुलगा ‘पेशीपटल’ वाचून टिश्यूवरचं आवरण समजणार. आणि तसली आवरणं शरीरात खरोखर असतात, त्यामुळे वाक्य त्याला खटकणारही नाही. खटकत नाही ती चूक शेवटपर्यंत टिकते. तक्त्याच्या पहिल्याच ओळीत ‘पेशी म्हणजे गुजरातीतला कोष’ असं ठळक लिहा आणि पुढे चला. शब्द बदलू नका; मराठीत ‘कोष’ आणलात तर रेशमाचा किडा आणि शब्दकोश दोन्ही मध्ये येतील.

फतेगंज

पडदा नको. भिंत तर मुळीच नको. भित्तिका ही वनस्पती, बुरशी आणि जिवाणू यांच्यात पटलाच्या बाहेर असते, ती वेगळी वस्तू. गुजरातीत तिला कोषदीवाल म्हणतात, तिथे गोंधळ नाही.

पडद्याची अडचण अशी, की पडद्याला काठ असतो. तो फाटला की फाटलेलाच राहतो. पेशीपटलाला मोकळा काठ परवडत नाही. काठ उघडा पडला की लिपिडांच्या, म्हणजे पटल ज्या रेणूंचं बनतं त्यांच्या, तेलकट शेपट्या पाण्यासमोर येतात, म्हणून लहानसं भोक आपोआप मिटतं. बारीक सुईने पेशीत काही टोचून सुई काढून घेता येते ती त्यामुळेच. भोक मोठं असेल तर मात्र आपोआप भागत नाही. कॅल्शियम आत शिरतं आणि आतल्या पुटिका, म्हणजे पटलाच्याच बारीक बंद पिशव्या, येऊन ठिगळ लावतात.

‘पटल’ चांगला. संस्कृतात त्याचे अर्थ छप्पर, थर, डोळ्यावर येणारा पापुद्रा असे आहेत. पातळ, पसरट, झाकणारं, एवढं त्यात येतं. जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. तांबडी रक्तपेशी साडेसात मायक्रोमीटरची. तिची साडेसात मीटरची खोली केली तर पटल ५ मिलिमीटर भरेल. हे तक्त्यावर जरूर घ्या, कारण चित्रात पटल नेहमी फुटभर जाड काढलेलं असतं.

लिपिडांच्या दोन थरांना, म्हणजे ‘बायलेयर’ला, पुस्तकात ‘द्विस्तर’ आहे. मला ‘दुपदरी’ आवडतो.

दांडिया बाजार

दुपदरीला माझंही मत. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतली लिपिडं अ‍ॅसिटोनने काढून पाण्यावर पसरली, आणि तो एकपदरी थर पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. गंमत म्हणजे त्यांच्या दोन चुका झाल्या होत्या. अ‍ॅसिटोनने सगळी लिपिडं निघाली नव्हती, आणि वाळवलेल्या पेशींवरून काढलेलं क्षेत्रफळही कमी आलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर निघालं.

आता ‘मेद’. हा शब्द काढाच. मेद म्हटलं की पोटावरची चरबी डोळ्यांपुढे येते, आणि ती पटलात जवळजवळ नसते. चरबीच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली असतात, पाण्याशी जमवून घेणारं डोकं नसतं. म्हणून तिचा थेंब होतो. फॉस्फोलिपिडात शेपट्या दोन, आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटवालं डोकं. असे रेणू जवळजवळ नळकांड्याच्या आकाराचे असल्यामुळे शेजारी शेजारी रचले की सपाट थर होतो. एक शेपूट तोडलीत तर रेणू शंकूसारखा निमुळता होतो आणि थराऐवजी गोळी बनते. कोलेस्टेरॉलमध्ये तर मेदाम्लाची शेपूटच नाही. या सगळ्यांना एकत्र बांधणारा शब्द ‘लिपिड’, तोच ठेवा.

शिवाय मथळ्यात प्रथिनांना दुय्यम करू नका. चेतातंतूभोवतीच्या मायलिनमध्ये वजनाने २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, तर तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलात ७५ टक्के. निम्मं-निम्मं असलं, तरी लिपिडाचा रेणू लहान, त्यामुळे एका प्रथिनामागे लिपिडाचे सुमारे ५० रेणू येतात. पण चित्रात प्रथिनं लिपिडांच्या समुद्रात विरळ तरंगताना दाखवतात. खरं तर दाटी असते.

मांडवी

लिपिडावरून ‘जलस्नेही’ आणि ‘जलद्वेषी’ आठवले. पहिल्यात मौज आहे: संस्कृतात स्नेह म्हणजे तेलही आणि माया पण. आयुर्वेदातलं स्नेहन तेच. म्हणजे पाण्याशी जमणाऱ्या भागाचं नाव सांगताना आपण त्यात तेल ओततो! चालतं, आज ‘स्नेही’ म्हणताना कुणाला तेल आठवत नाही.

दुसऱ्याबद्दल मात्र तक्रार आहे. द्वेष कुणाचाच नाही. तेलाच्या रेणूला पाणी नकोसं नसतं, पाण्यालाच तो परवडत नाही. पाण्याचे रेणू आपापसात हायड्रोजन बंधांनी गुंतलेले असतात. मध्ये तेलकट शेपूट आली की तिच्याभोवती त्यांना एका ठरावीक ढबीत उभं राहावं लागतं, मोकळीक जाते. शेपट्या एकत्र गोळा झाल्या की अडकलेलं पाणी सुटतं. म्हणजे शेपट्यांना पाण्याने वाळीत टाकलेलं असतं, आणि वाळीत टाकलेले एकमेकांना धरून राहतात. पुस्तकी शब्द ‘जलद्वेषी’ राहू द्या, खाली ही वाळीतची ओळ घाला.

रावपुरा

घेतली. ‘फ्लुइड मोझॅक’चं काय? द्रव, तरल, प्रवाही, द्रायू असे चार पर्याय मांडून ठेवलेत. हिंदी पुस्तकात ‘तरल किर्मीर’ आहे.

फतेगंज

किर्मीर वाचून मुलं महाभारतातला राक्षस शोधतील. ‘मोझॅक’ ठेवा, मोझॅकची लादी घराघरात होती. फक्त लादीतले खडे सिमेंटमध्ये पक्के बसलेले असतात आणि इथले हलते, हे लगेच सांगा. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये हे प्रारूप मांडलं, तेव्हा त्यांचा भर ‘फ्लुइड’वरच होता.

द्रायू नको, त्यात वायूही येतो. तरल मराठीत कवितेला लागतो. ‘प्रवाही’ घ्या. गुजरातीत तो नाम आहे, प्रवाही म्हणजे द्रव पदार्थ. पण इथे अर्थाची ओढ एकाच दिशेने आहे, म्हणून पेशीसारखा घात होत नाही.

तक्त्यावर एक सांगायलाच हवं: हे वाहणं आडवं आहे. लिपिडाचा रेणू आपल्या पदरात सरकत सेकंदाभरात मायक्रोमीटरभर जातो. एका पदरातून दुसऱ्या पदरात उलटायला मात्र, प्रथिनांची मदत नसेल तर, तास नाहीतर दिवस लागतात, कारण डोकं तेलकट गाभ्यातून न्यावं लागतं. म्हणूनच दोन्ही पदरांची घडण वेगळी राहू शकते. फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड आतल्या पदरात ठेवलेलं असतं. ते बाहेर दिसू लागलं की भक्षक पेशी त्या पेशीला मरणारी समजून गिळतात.

प्रथिनंही सरकतात. फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० मध्ये उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळली. दोन रंगांनी खुणावलेली प्रथिनं ३७ अंशांना ४० मिनिटांत सगळीकडे मिसळून गेली. १५ अंशांच्या खाली मिसळेनात.

दांडिया बाजार

त्या १५ अंशांसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: थिजणे. तूप थिजतं तसं. ‘गोठणे’ वापरू नका, गोठतं ते पाणी आणि रक्त. सरळ शेपट्यांचं डीपीपीसी हे लिपिड ४१ अंशांखाली थिजतं. त्याच जातीच्या, पण दोन्ही शेपट्यांत एकेक सिस दुहेरी बंध असलेल्या डीओपीसीला त्यासाठी शून्याखाली पंधरा-वीस अंश जावं लागतं. दुहेरी बंधामुळे शेपटीला बाक येतो आणि रचाई घट्ट बसत नाही. हिवाळ्यात तूप थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल वाहतं, त्याचंही कारण बाकच. कोलेस्टेरॉल दोन्हीकडून आवरतो: उष्णतेत शेपट्यांना सैल सुटू देत नाही, थंडीत एकमेकींना पुरतं चिकटू देत नाही.

मांडवी

प्रथिनांच्या जातींना नावं ठरवलीत का? ‘अंतर्भूत’ आणि ‘परिघीय’ हे शब्द बरोबर आहेत, पण मुलांना त्यातून काहीच दिसत नाही. मी ‘रुतलेली’ आणि ‘टेकलेली’ म्हणेन. तिसरी जात लिपिडाच्या दोरीने बांधलेली असते, तिला ‘दाव्याची’. गाय गोठ्यात नसते, पण दावं गोठ्यातल्या खुंट्याला असतं.

हे भेद चित्रावरून नव्हे, प्रयोगावरून ठरतात. पटलाचा गाळ घ्यायचा, १ मोलर मिठाच्या द्रावणात ढवळायचा आणि गुरुत्वाकर्षणाच्या १,००,००० पट जोराने तासभर फिरवायचा. वरच्या पाण्यात आलं ते टेकलेलं. गाळात राहिलं त्याला रुतलेलं म्हणायची घाई करू नये, आणि नेमकी इथेच चूक होते. पटल फाटलं की त्याच्या बंद पुटिका होतात, आणि साधं विरघळणारं प्रथिनही आत अडकून गाळात उतरतं. मीठ पुटिका उघडत नाही. म्हणून ०.१ मोलर सोडियम कार्बोनेट, सामू ११.५, बर्फात अर्धा तास. त्याने पुटिका उघडून पत्रे होतात आणि अडकलेलं सुटतं. त्यानंतरही जे गाळात राहील आणि फक्त डिटर्जंटने निघेल, ते रुतलेलं. दाव्याचंही बहुतेक याच गटात पडतं, ते वेगळं ओळखावं लागतं.

रुतलेल्याचा आणखी एक हिशेब: तेलकट गाभा ३ नॅनोमीटर जाड, आणि प्रथिनाच्या साखळीच्या सर्पिलात (हेलिक्समध्ये) प्रत्येक अमिनो आम्लामागे ०.१५ नॅनोमीटर पुढे जातं. म्हणून आरपार जायला २० लागतात. प्रथिनाच्या क्रमात सलग २० तेलकट अमिनो आम्लं दिसली की शंका घ्यायची. ‘पटलपार’ शब्द याच तुकड्याला द्या. पाठ्यपुस्तकातलं ‘निवडक्षम पारपटल’ वेगळं, तिथे ‘पार’ म्हणजे पदार्थ जाऊ देणारं. दोन्ही एका तक्त्यावर आले तर उलटसुलट वाचले जातील. दुसऱ्यासाठी ‘निवडून आत सोडणारं’ असं साधं लिहा.

फतेगंज

‘राफ्ट’ला ‘तराफा’ तयार आहेच, पण तराफ्याचे ओंडके बांधलेले असतात. सायमन्स आणि इकोनेन यांनी १९९७ मध्ये मांडलेली कल्पना स्फिंगोलिपिड आणि कोलेस्टेरॉल जिथे दाटतात त्या जागांची. पुढे ठरलेलं माप १० ते २०० नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर. त्या जुळतात आणि मोडतात. मला ‘घोळका’ जास्त पटतो. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर सगळेच सरकत असतात, तरी ओळखीचे चारजण थोडा वेळ एकत्र राहतात, मग पांगतात.

एक इशारा. ४ अंशांना ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये न विरघळलेला भाग म्हणजे तराफा, असं बरीच वर्षं लिहिलं गेलं. थंडी आणि डिटर्जंट स्वतःच लिपिडांची फाळणी घडवू शकतात. तेव्हा ‘न विरघळणारा भाग’ आणि ‘तराफा’ समानार्थी छापू नका.

रावपुरा

मथळा बदलला: ‘पेशीपटल: लिपिडं आणि प्रथिनं यांची हलती मांडणी’. तराफा ठेवला, खाली घोळक्याची ओळ. तक्त्याशेजारी बिटाचा प्रयोग ठेवायचा आहे. त्याचं वाक्य: ‘६० अंशांना पटल वितळतं आणि रंग बाहेर येतो.’ चालेल?

दांडिया बाजार

‘वितळतं’ खोडा. पटलातली लिपिडं खोलीच्या तापमानालाच प्रवाही आहेत, आधीच वितळलेलं पुन्हा काय वितळणार? ६० च्या आसपास प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि दुपदरी थर विस्कटतो. ‘पटल गळकं होतं’ लिहा. रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत असतो, म्हणजे तो दोन पटलं ओलांडून येतो. ‘पटलं’ असं अनेकवचन करा.

आणि बिटाचे तुकडे ५ मिलिमीटर जाड, १ सेंटिमीटर लांब कापल्यावर पाणी बदलत धुवा, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. नाहीतर सुरीने चिरलेल्या पेशींचा रंग ३० अंशांच्या नळीतच दिसेल. मग प्रत्येक तुकडा ३०, ४०, ५०, ६०, ७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर, तिथून १० मिलिलिटर साध्या पाण्यात अर्धा तास. ७० च्या पुढे जाऊ नका, तो रंग उष्णतेने स्वतःच फिका पडतो, आणि मुलं म्हणतील पटल पुन्हा बरं झालं.