अनुभव धागा: एकच काम धरून मोठं झालात का? आणि दुसऱ्याला मोठं केलंत का?

मंडळी, आपल्याकडं कोल्हापुरात कुणाला काय करतोस विचारलं तर एका दमात तीन धंदे सांगतो, प्लॉटिंग, कसली तरी एजन्सी आणि शेती तर आहेच. मला ऐकायचंय एकाच कामात मुरलेल्या लोकांचं, त्यातही ज्यांनी ते काम दुसऱ्याला दिलं त्यांचं. पैलवान खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला निघाले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही गोष्ट इथं शेंबड्या पोरालापण माहिती आहे. एवढं मोठं नको, आपापलं लिवा. शिकवून नुकसान झालं असेल तर तेपण लिवा, लाजू नका.

उद्यमनगरकर:
मी पॅटर्नमेकर. म्हणजे फौंड्रीत, लोखंड ओततात तिथं, वाळूचा साचा ज्यावर पाडतात तो लाकडी नमुना बनवतो. लोखंड थंड होताना आकसतं, ग्रे आयर्नला साधारण १ टक्का, म्हणून नमुना तेवढा मोठा धरायचा, वर मशिनवर घासायला थोडा जादा माल ठेवायचा, आणि बाजूंना उतार द्यायचा नाहीतर वाळूतनं काढताना साचाच फाटतो. आमचं घरचं सुतारकाम, त्यामुळं आधी दारं खिडक्या कपाटं सगळंच चालायचं. पुढं फक्त पॅटर्न करायचं ठरवलं आणि त्यातपण पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या, तेव्हा आमच्या अण्णांनी लई बोलून घेतलं, हातातलं गिऱ्हाईक परत पाठवतोस म्हणून. पण खरं काम मिळालं ते वेगळ्याच कारणानं. पॅटर्न देऊन बिल घेतलं की आपलं संपलं असं न करता मी शिरोलीला फौंड्रीत मोल्डरजवळ, म्हणजे साचा पाडणाऱ्याजवळ, जाऊन थांबायचो, कास्टिंगला ब्लोहोल म्हणजे हवेचं भोक कुठं येतंय, जादा लोखंड पुरवणारा रायझर कुठं पाहिजे, आतली पोकळी पाडणारा कोअर हलतोय का, ह्याचं बिल कधी लावलं नाही. रिजेक्शन कमी झालं की मोल्डरला शाबासकी, आणि तिथला फोरमन दुसऱ्या फौंड्रीत गेला की पहिला फोन मला. माझ्याकडं शिकलेल्या पोरानं समोरच्याच गल्लीत शॉप टाकलं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशिन घेतलं. लोक म्हणाले आता बसा बोंबलत. पण ॲल्युमिनियमचे पॅटर्न मी त्याच्याकडं पाठवतो, लाकडातलं किचकट काम तो माझ्याकडं. मशिनचा हप्ता त्याला, मला नाही, हेपण आहेच की.

वेणीवाली:
आमच्यात कोल्हापुरी चप्पल. कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं, त्यावर कान, पट्टे, आणि बारीक चामड्याची वेणी. वेणी घालायचं काम बायकांचं, पण दुकानाच्या पाटीवर नाव कुणाचं ते विचारू नका. मी सासूबाईंकडनं शिकले आणि फक्त वेणीच धरली, इतकी बारीक की शेजारची दुकानंपण माझ्याकडं देऊ लागली. मग एकटीनं किती करणार, गल्लीतल्या बायकांना बसवलं, आता मोठी ऑर्डर असली की आम्ही वाटून घेतो आणि दर आम्ही सगळ्या मिळून सांगतो. हा माझा खरा फायदा, एकटी होते तेव्हा दुकानदार म्हणेल तो दर. २०१९ ला चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ ला इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमधे आपल्यासारखी चप्पल दाखवली तेव्हा केवढा गोंधळ झाला, पण जोडीमागं बाईच्या हातात पडतात ते पैसे अजून कमीच, उगीच गोड गोड नको.

काकवीप्रेमी:
आमचे वडील गुळव्या, म्हणजे गूळ करणारे कारागीर. गुऱ्हाळ दुसऱ्याचं, ऊस तिसऱ्याचा, पण रसाची मोठी कढई, काहील, कधी उतरायची ते वडील सांगणार. उकळत्या रसात भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, मग पाक गार पाण्यात टाकून बोटानं गोळी बघायची. थर्मामीटरला ११८ अंशाच्या आसपास दिसतं ते त्यांना बुडबुड्यावरनं कळायचं. चुलवाणावर जाळ घालणाऱ्या पोरांनापण त्यांनी हे शिकवलं आणि त्यातले काही आज स्वतः गुळव्या आहेत. आम्ही भावंडं मात्र एकपण शिकलो नाही, नोकरीला लागलो.

तालमीतला:
मी काय मोठा पैलवान नाही झालो. पण माझा ढाक डाव चांगला होता, त्यामुळं वस्ताद मोठ्या पोरांना जोडीला मलाच द्यायचे. खासबाग कुस्ती मैदानात पोरगं जिंकलं की मला वर उचलायचं. त्यावर आजपण गावात चहा फुकट मिळतो, नाद खुळा.

हिशोबी:
धागाकर्त्यानं नुकसान विचारलंय म्हणून लिहितो. माझी टॅक्सची प्रॅक्टिस. दोन पोरांना जीएसटीचं सगळं मनापासून शिकवलं, दोघं माझे क्लायंट घेऊन गेले. वर सगळ्यांचं वाचून भारी वाटलं पण फौंड्रीत गल्ली वाटून घेता येते, रिटर्न भरायचं काम कसं वाटणार?

उद्यमनगरकर:
@हिशोबी, तुमचं बरोबर आहे, आमच्यात दोघांची मशिनं वेगळी म्हणून जमलं. तुमच्यात एकानं फक्त नोटिसा आणि अपील बघायचं असं होत नाही का?

हिशोबी:
होतं की. तेच सुरू केलंय, रिटर्नवाले आता नोटीस आली की माझ्याकडं पाठवतात. त्यातला एक ह्या दोघांपैकीच आहे, फी मात्र त्याला पूर्ण लावतो.

आयटीआयवाली:
@उद्यमनगरकर दादा, पोरींना घेता का शिकायला?

उद्यमनगरकर:
घेतो की. पण पहिले काही दिवस नुसतं ड्रॉइंग वाचायचं, रंध्याला हात लावायचा नाही. आणि स्टीलची पट्टी स्वतःची आण.