मोबाईल न देता दोन वर्षांच्या पोराला कोल्हापूर-पुणे कसं न्यायचं
तुम्ही विचारलंय म्हणून सांगते, आमची लेक दोन वर्षांची असल्यापासून आम्ही महिन्याला पुण्याला जातोय, अंतर साधारण २३० किलोमीटर, आणि मोबाईल खरंच लागत नाही. आम्ही रस्त्यालाच खेळ करतो, शिरोलीजवळ पंचगंगेचा पूल आला की नदीला टाटा, किणी टोलनाक्याच्या पुढं वारणा आली की परत टाटा, मग उसाचे ट्रॅक्टर मोजायचे (सीझनला हे कधी संपतच नाही), आणि खंबाटकीचा बोगदा आला की सगळ्यांनी मिळून हूऽऽ करायचं, त्याची तर ती साताऱ्यापासूनच वाट बघते. खेळणी सगळी एकदम काढू नका, तासाला एक. दर दोन तासांनी थांबून दहा मिनिटं पळू द्या.

एक मात्र कळकळीनं सांगते, चालत्या गाडीत भडंग देऊ नका, त्यातला अख्खा शेंगदाणा एवढ्या पोरांच्या श्वासनलिकेत अडकतो. केळं, मऊ पोळीचा रोल द्या, तेही जागेवर थांबूनच. आणि कितीही रडली तरी कार सीटमधून काढून मांडीवर घेऊ नका, त्यापेक्षा गाडी थांबवा.