मदत हवी आहे: काकाबीकवर काय फवारू?

निशिगंधा_क
माझ्या काकाबीकच्या फुलझाडाच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा उठल्यात, खालची पानं पिवळी पडून गळतायत. कळ्यांचे घोस आत्ताच धरलेत, ते हातचे जायला नकोत. काय फवारू? लवकर सांगा प्लीज.

मातीवाला
कुंडीत की जमिनीत? ऊन किती? फोटो टाका.

परसबाग
गूगल केलं. अहो, हा आपला हादगाच की! तशीच चोचीसारखी फुलं. जुलैत फवारू नका, पावसात धुऊन जाईल.

निशिगंधा_क
हादगा नाही हो! काकाबीक हे न्यूझीलंडचं झाड. मी ऑकलंडला असते, इथे आत्ता हिवाळा आहे. कमरेएवढं झुडूप, फुलं लालभडक. कुंडीत आहे, गॅलरीत.

सुमतीताई
हादग्याच्या फुलांतला दांडा काढून टाकायचा, कडू लागतो. मग कांदा, मिरची, भिजवलेली मूगडाळ घालून भाजी. फार छान होते.

केशरआंबा
ही नागअळी. नीमतेल मारा, जोडीला चिमूटभर युरिया. माझं लिंबू त्यानेच सुधारलं.

वेलिंग्टनकर
युरिया अजिबात नको. शेंगावर्गीय झाड आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळतं. वरून दिलंत तर लुसलुशीत पाला फुटेल आणि गोगलगायींचं फावेल. काकाबीकवर त्या तुटून पडतात, रात्री बॅटरी घेऊन वेचा.
रेषांचं म्हणाल तर पान उजेडासमोर धरा. रेषेत काळे ठिपके आणि रुंद टोकाला अळी दिसेल, ती एका बारीक माशीची. तशी पानं खुडून पिशवीत बांधून टाका. अळी पानाच्या आत असते, वरच्या तेलाने काय होणार?

केशरआंबा
होतं! स्वतः केलंय. तुम्ही वापरून बघितलंय का कधी?

मातीवाला
भांडू नका. ताई, लेबलवर काय लिहिलंय? काकाबीकच्या दोन जाती आहेत, मॅक्सिमस की पुनिसियस?

निशिगंधा_क
पुनिसियस. त्याने काय फरक पडतो?

वेलिंग्टनकर
खूप पडतो! बागांतून बहुतेक मॅक्सिमस दिसतं. पुनिसियस रानात शेवटचं आढळलं ते कैपारा बंदरातल्या मोटुरेमू बेटावर. इथले मूळ रहिवासी माओरी लोक पूर्वी ते वस्तीजवळ मुद्दाम लावत. बकऱ्या, हरणं, ससे यांनी रानातली काकाबीकं खाऊन संपवली. तुमचं झाड जपाच. फार वर्षं जगत नाही, म्हणून फुलं सरली की छाटणी करा आणि दोन-चार फांद्या लावून ठेवा.

परसबाग
थोडं बी पुण्याला पाठवाल का? पाकिटातून येईल.

मातीवाला
असं बी पाठवू नका. क्वारंटाइनचे नियम आहेत, कागदपत्रं लागतात. शिवाय पुण्याच्या उन्हाळ्यात ते टिकणं कठीण.

निशिगंधा_क
अळी दिसली, ठिपकेही आहेत. पानं खुडली. पण खालची पिवळी पानं? त्यांवर रेषा नाहीत.

वेलिंग्टनकर
मग ते पाण्याचं. कुंडीखाली बशी आहे का? असली तर आजच काढा. हिवाळ्यात मुळं ओली राहिली की आधी खालची पानं जातात. पाणी रोज घालता का, तेही सांगा.